जांभळा उंट आणि लाल शेरा

यज्ञेश्वर मास्तर सिनेमाला गेले ते सिनेमा बघायला नव्हे, जावयाची चूक पकडायला. कोर्टानं अभिमन्यूला स्वतःच्या मुलीला, उर्वीला, भेटायची मुभा दिली होती ती फक्त रविवारी अकरा ते दोन, तीही आईकडचं कुणीतरी सोबत असताना. आता त्यानं अर्ज केला होता की उन्हाळ्याची सुट्टी पोरीनं त्याच्या गावी, वळसंगला काढावी. मंगळवारी तारीख होती. एखादा उशीर लेखी दाखवता आला तर अर्ज उडेल, असं वकील म्हणाले होते. पोरगी एकदा तिकडं रमली की आपल्याला विसरेल, या भीतीनं मास्तरांची झोप उडाली होती. म्हणून खिशात वही होती आणि लाल पेन होतं. पण पाच रविवार झाले तरी त्या माणसानं वहीत लिहिण्याजोगं काही म्हणता काही केलं नव्हतं, याचाच त्यांना संताप.

मुलीनं, इंद्रायणीनं, घरात न विचारता लग्न केलं तेव्हापासून हा जावई त्यांच्या डोक्यात जायचा. पूर्वी तो त्यांना मामा म्हणायचा, हल्ली सर म्हणायचा. तेही डोक्यात जायचं.

थिएटरात ते मुद्दाम दोघांच्या मधे बसले.

"आजोबा, मला बाबांशेजारी बसायचंय."

"इथून नीट दिसतं."

अभिमन्यूनं पॉपकॉर्न पुढे केलं. "घ्या की सर."

"तुमचं मला काही नको."

सिनेमा एका जांभळ्या उंटाचा होता. तो शिंकला की घरांना पाय फुटायचे. सगळं गाव पिवळं, हिरवं, गुलाबी होऊन टणाटण उड्या मारत निघालं. "काय हा पोरकटपणा," मास्तर पुटपुटले. मग उंट शाळेसमोर शिंकला. शाळा उठली, तिनं पत्रे सावरले आणि धूम ठोकली. मागे हजेरीपट घेऊन, धोतर सावरत हेडमास्तर. "उभी राहा! उभी राहा म्हणतो ना!"

नऊ वर्षं हेडमास्तरकी केलेल्या यज्ञेश्वर मास्तरांना हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. उर्वी त्यांच्या गुडघ्यांवरून सरकून बापाच्या मांडीवर कधी गेली, त्यांना कळलंही नाही.

"सर, दीड वाजला की," अभिमन्यू कुजबुजला. "दोनच्या आत घरी पोचाय पायजे. निघूया का?"

"गप बसा हो! शाळा सापडते का बघू द्या."

थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "सर, पावणेदोन."

"तुम्हाला कळतं का काही? बसा!"

शाळा सापडली, तळ्यात पाय सोडून बसली होती. दिवे लागले. मास्तरांनी डोळे पुसून घड्याळ पाहिलं, तर दोन वाजून वीस मिनिटं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःवरचा राग गिळायची त्यांना सवय नव्हती. बाहेर पार्किंगमध्येच त्यांनी वही उघडली आणि लिहिलं, "उशीर. दोन वीसला मुलगी अजून बाहेरच. वडिलांची बेफिकिरी."

"मी दोनदा म्हणलो की तुमास्नी!"

"पुरावा आहे?"

अभिमन्यूच्या मुठी आवळल्या. आवाज चढला तर तोही वहीत जाणार, हे त्याला ठाऊक होतं. "लिवा. झालं तुमच्या मनासारखं."

उर्वीनं मान वाकडी करून वही वाचली. तिला वाचायला मास्तरांनीच शिकवलं होतं.

"आजोबा, बाबा निघूया म्हणत होते. तुम्हीच हसत होता."

"मोठ्यांच्या मधे बोलू नये."

ती दोन पावलं मागे सरकली. खोटं बोलताना सापडलेल्या पोराकडे सगळा वर्ग बघायचा, तशी ती बघत राहिली. ते काही मास्तरांना सोसेना.

शाळेच्या दप्तरात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर खाली दुरुस्ती लिहायची आणि छोटी सही करायची, हे त्यांनी कारकुनांना दटावून शिकवलं होतं. आता दातओठ खात त्यांनी पेनचं टोपण काढलं. "उशीर माझ्यामुळे. वडील दोनदा निघूया म्हणाले." खाली सही, तारीख. उन्हाळाभर घर खायला उठणार, हे सही करतानाच त्यांना कळलं होतं.

त्यांनी वही अभिमन्यूच्या छातीवर आपटली. "घ्या! मंगळवारी दाखवा. आणि एवढ्यावरून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका."

"न्हाय समजत, मामा."

"मामा म्हणू नका!" मास्तर ओरडले.

तोवर उर्वीनं पुढे येऊन त्यांचा हात धरला होता.