घाटातल्या तीन हाका

मी एक जुना वायरलेस सेट हाय, मित्रांनो. मिलिटरीच्या भंगारातनं निघालो, तवा माझा जोडीदारबी संगं व्हता. फौजेतनं पेन्शनीत आलेल्या हंबीररावानं आमाला दुरुस्त केलं आनि मेढ्याच्या वरल्या डोंगरातनं दूध आणणाऱ्या दोन टेम्पोत बसिवलं. जोडीदार त्याच्या गाडीत, मी दुसऱ्या डायवरच्या, सिद्धूच्या. शाण्णव साल आसंल. खंडेनवमीला मलाबी झेंडूचा हार पडायचा!

काम सोपं. घाट एका गाडीपुरता. शिरायच्या आधी हाक मारायची. दुसरा आत आसंल तर ओ देणार. ओ न्हाई आली, तर रस्ता मोकळा.

श्रावणातली दुपार. बोनेटपुढचं दिसंना इतकं धुकं. सिद्धू रिकामे कॅन घिऊन वर निघालेला, शेजारी त्याची आई रंगूबाई. निम्म्या घाटात मी खरखरलो, "सिद्धू, हाईस का रं घाटात?"

सिद्धूचा हात बटनाकडं गेला, तर म्हातारीनं मनगाटच धरलं. "ओ दिऊ नगंस! धुक्यात नाव घिऊन बोलावतंय. भूत तिसऱ्यांदा हाक मारत न्हाई, तीन हाका हुंदेत."

"आगं, हंबीरतात्या हाय त्यो!"

"त्येच्याच आवाजात बोलावतंय, म्हणून तर!"

सिद्धू हसला, पर हात मागं घेतला. माझा जीव खाली-वर. वरनं दुधानं भरलेली गाडी सुटली आसणार, आनि मला सोताहून बोलता येत न्हाई.

"सिद्धू." दुसरी हाक. जरा थांबून परत, "सिद्धू."

तिसरीला त्यानं बटन दाबलं. "तात्या, आतच हाय! थांबा!"

ब्रेक किंचाळलं. दोन गाड्यांत इतभर अंतर ऱ्हायलं.

हंबीरराव खाली उतरला. "मुडद्या, झोपलावतास व्हय? हाक मारली, ओ न्हाई, म्हणून सुटलो!"

"तीन मारल्यासा की, तात्या."

"येकच, रं."

रंगूबाईनं माझ्याकडं बघितलं आनि पदर वढून घेतला. मित्रांनो, आवाज तात्याचाच व्हता. पर पयल्या हाकंमागं इंजिनाची घरघर व्हती. मागल्या दोन्हीमागं कायबी न्हवतं.

त्यापुढं सिद्धू पयल्या हाकंलाच ओ द्यायचा. मग घाट रुंद झाला, आमाला काढून गोदामात टाकलं. जोडीदाराला कुणीतरी उचकटून नेलं. माझी बॅटरी कवाच गंजली. तरी धुकं उतरलं की मला हाका ऐकू येत्यात. नाव दर खेपंला निराळं. कोण घाटात हाय, कुणाला ठावं.

मला पुसू नगा, रंगवू नगा, मित्रांनो. फकस्त कुणीतरी येऊन माझं बटन दाबा. ओ द्यायची ऱ्हायलीया.