मोसाँचे विराम

लेओंतीन सव्वीस वर्षं फ्रान्समधल्या आंजे गावच्या नाटकगृहात प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खळगा, त्यावर लाकडी झाकण, आत स्टूल, वही आणि ती. नट अडला की ती शब्द पुरवायची. फ्रेंच लोक या कामाला 'फुंकणं' म्हणतात.

पॅरिसहून मोसाँ हा नावाजलेला नट आला आणि तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. हा गडी वाक्याच्या मधेच थांबायचा. वर्तमानपत्रं तर त्या थांबण्यावरच लट्टू होती. शनिवारी तो असाच थांबला. लेओंतीनला राहवलं नाही, तिनं शब्द फुंकला. पडदा पडताच मोसाँ सगळ्यांदेखत कडाडला, "बाई, मी विसरलो नव्हतो, विराम घेत होतो! मी तुमच्याकडे बघितल्याशिवाय तोंडातून चकार शब्द काढायचा नाही!"



रविवारी दुपारच्या खेळात, दुसऱ्या अंकात, मोसाँ थांबला. बायकोला घराबाहेर काढतानाचं वाक्य. इथे तो आजवर कधीच थांबला नव्हता. लेओंतीननं मान वर केली. तो गॅलरीकडे बघत होता, तिच्याकडे नाही. कुणीतरी खोकलं. समोरची नटी उगाचच हातमोजा ओढू लागली. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर खेळ. मग तिला त्याचे गुडघे दिसले. लटपटत होते.

"दार उघडंच आहे," तिनं फुंकलं. त्याला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडलीच. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"दार उघडंच आहे!" मोसाँ गरजला, आणि खेळ पुढे सरकला.

मध्यंतरात तो रंगमंचामागच्या तिच्या खोलीत आला आणि त्यानं दार लावून घेतलं. आता काढून टाकतोय, असं तिला वाटलं.

"तिसरा अंक मला आठवत नाही," तो म्हणाला.

"कुठला भाग?"

"कुठलाच. वर्षभर हे असंच चाललंय, मादाम. विराम कसले, मी शब्द शोधत असायचो. लोकांना आवडले, म्हणून मीही मिरवले."

"मग काल माझ्यावर का डाफरलात?"

"तुम्हाला कळलं की काय, या भीतीनं."

तिला संताप आला, कीवही आली. पण घंटा वाजत होती.

"पुढे येऊन उभे राहा. वाक्य न् वाक्य देते."

"लोकांना ऐकू गेलं तर?"

"जाऊ दे की!"

अख्खा अंक तिनं फुंकला. घसा सोलवटून निघाला. उरलेले नऊ खेळ दोघांनी असेच रेटले. मग मोसाँ नाटक सोडून बहिणीच्या गावी निघून गेला. त्याच्या जागी आलेला नट खडाखडा बोलायचा. तरी तो श्वास घ्यायला थांबला, की लेओंतीनच्या छातीत धस्स व्हायचं.