माझी नळी बिघडली नव्हती

मी एक जुनी, जाड गोळीची रायफल आहे आणि मला फार राग आला आहे. मित्रांनो, माझ्या दस्त्याखाली एक लिव्हर आहे. तो खाली-वर केला की पुढचं काडतूस नळीत चढतं. मला घडवलं हरणांच्या शिकारीसाठी. पण इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या सॅम्युअलकाकांनी माझ्याकडून फक्त निशाण्याचे कागद फोडले. गोळीनं मारलेलं जनावर आम्हा ज्यूंमध्ये खायला चालत नाही, मग मारायचं कशाला, असं ते म्हणत.

काका काडतुसं घरीच भरत. आधी त्यांच्या पत्नी हदासाकाकू वापरलेल्या काडतुसांची पितळी टरफलं, म्हणजे केसेस, कॅलिपर नावाच्या मोजपट्टीच्या चिमट्यानं एकेक मोजत. एखादी जराशी लांब निघाली की काका ती घासून बाकीच्यांएवढी करत. मग दारू तोलून भरायची, गोळी बसवायची आणि केसचं तोंड तिच्याभोवती आवळायचं. शंभर यार्डांवर माझ्या पाच गोळ्यांची भोकं एका चहाच्या कपाखाली झाकली जात. लोक कागद बघायला यायचे आणि मीही जरा भाव खायचे.

काका गेले. रीतसर कागदपत्रं होऊन मी स्लाऊला त्यांच्या पुतण्याकडे, लेव्हीकडे आले. या लेव्हीला सगळ्याची घाई. नेमबाजीच्या रेंजवर पडलेल्या कुणाकुणाच्या केसेस तो पिशवीत गोळा करी आणि न मोजता भरी. लांब केस गोळीला करकचून धरी, आखूड नुसती टेकून राही. मग गोळ्या चारी दिशांना जाणार नाहीत तर काय? आणि हा शहाणा म्हणतो, "हिची नळी गेलीय. टोटली युजलेस." मंगळवारी माझी नळी वेल्ड करून मला भिंतीवर टांगायचं ठरलं. म्हणजे मी कायमची मुकी. कुणाच्या आळसापायी, तर याच्या!

शब्बाथचा, म्हणजे विश्रांतीचा शनिवार संपल्यावर, रविवारी सकाळी हदासाकाकू आल्या. त्यांनी लेव्हीचा निशाण्याचा कागद पाहिला.

"लेव्ही, केसेस मोजल्यास का रे?"

"काकू, गरज काय? काडतुसं भरायच्या मशीनचं सेटिंग परफेक्ट आहे."

"मशीनचं असेल. केसेसचं विचारतेय मी."

त्यांनी पर्समधून कॅलिपर काढला. वीस केसेसमधल्या सात लांब निघाल्या. लेव्ही त्या घासू लागला. कान मात्र लाल झाले होते.

सोमवारी त्यानं सुट्टी घेऊन मला रेंजवर नेलं. पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एकमेकांना खेटून बसली होती. त्यानं तिथूनच फोन लावला. "काकू, वेल्डिंग कॅन्सल केलं. रायफल सुधारली!"

सुधारली म्हणे! माझा एक स्क्रूसुद्धा कुणी हलवला नव्हता. मित्रांनो, रायफल असो की शिलाई मशीन, तिला नावं ठेवण्याआधी तुम्ही तिला काय दिलंत ते तपासा. आम्हाला बोलता येत नाही म्हणून तुमची चूक आमच्या माथी मारू नका.

लेव्हीनं अजून माझी माफी मागितलेली नाही.