घुबडाचा फोटो

गोमतीच्या शेतातले उंदीर म्हणजे तमिळ मुलखातल्या आमच्या चोळपुरमात चेष्टेचा विषय झाला होता. भात निसवलं की मेले बुंध्यापासून कापून टाकायचे. घुबडांनी येऊन बसावं, उंदीर टिपावेत म्हणून बाईनं आडव्या दांड्यांचे बांबू रोवले, तर सकाळी बांबू चिखलात लोळलेले.

"वारा गोमती, वारा," तिचे थोरले दीर वरदराज म्हणत. "तुज्या एकटीच्यानें होणार नाहीं. शेत माज्याकडे सोपव." तिचा नवरा गेल्यापासून हा माणूस असाच गूळ लावत होता. बिचारी टेकीला आली. येत्या शुक्रवारी चार माणसांदेखत शेत दिरांच्या हवाली करायला कबूल झाली.

त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ शंकरनारायण सिंगापूरहून आला. नवा डिजिटल कॅमेरा, आणि भिंगापुढे बसवायचं एक नळकांडं. त्यातून अंधारातलं सगळं हिरवं दिसतं म्हणे.

"अक्का, तुजें घुबड दाखव. फ्लॅश नाहीं, तें भिणार नाहीं."

दिवेलागणीनंतर आम्ही बांधाआड बसलो. मी वसंता, तिची शेजारीण. नसत्या भानगडी बघायची मला फार हौस. घुबड काही आलं नाही. बांबूपाशी काहीतरी हललं, शंकरनं बटण दाबलं. मागच्या पडद्यावर बघतो तर हिरवेगार वरदराज, धोतर खोचून, दोन्ही हातांनी बांबू उपटताहेत!

"अय्यो, भावोजी!" गोमतीनं कपाळावर हात मारला. मग डोळे पुसून म्हणाली, "बरें झालें. शुक्रवारीं अस्क्यांना दाखव रे, सगळ्या गावाला."

शंकरनं कॅमेरा पिशवीत घातला. त्याची मुलगी वरदराजांच्या मुलाला दिलेली, लग्न तोंडावर आलेलं.

शुक्रवारी देवळाच्या ओसरीवर माणसं जमली. शंकरनं कॅमेऱ्यातले फोटो चाळल्यासारखं केलं. "नुसता काळोख आला हो. यंत्र नवें आहे."

"मी पाह्यलें!" मी ओरडले.

"वसंताला रातीं दिसतें कां?" वरदराज म्हणाले. सगळे हसले. मला असा संताप आला!

गोमतीनं कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि भावाच्या मांडीवर ठेवला.

"शंकर, मुलीचें लग्न मोडेल म्हणून सांगतास, तर मीच फोटो पुसून टाक म्हटलें असतें. मला विचारलास कां नाहीं?"

शेत देत नाही, एवढं दिराला सांगून ती ओसरी उतरली. लग्नाला गेली, अक्षता टाकल्या आणि भावाच्या मांडवात न जेवता घरी आली.