हडळीसमोर धाडलेला माणूस

"तुजा पैलवान मेला की रं गुंडा!" हवालदार हंबीररावांनी खाटेवर पडलेल्या कवड्या दाखवल्या. चारही पालथ्या.

"मरू दे," म्हणून गुंडा पेरू खात राहिला.

मिरजेच्या क्षयाच्या दवाखान्यात दुपारची औषधं झाली की हा खेळ रंगे. प्रत्येकानं मनातून एक माणूस उभा करायचा आणि हवालदारांनी त्याला रेल्वेच्या बंद सिग्नल केबिनीत राहते म्हणतात त्या हडळीसमोर धाडायचं. चारही कवड्या पालथ्या पडल्या तर तो गेला, नाहीतर सुटला. जिवंत माणसाचं नाव मात्र घ्यायचं नाही. या वॉर्डात तेवढं शहाणपण सगळ्यांनाच होतं. उभ्या केलेल्या माणसाला नाव द्यायचं ते मेलेल्याचंच.

हवालदार साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त. जतचा मेंढपाळ गुंडा हा या खेळातला त्यांचा नालायक चेला.

"पेरू खातोय बघा! आरं, तुजा माणूस नुसता दांडगा. दांडग्यावर कुणाचा जीव जडतोय? जरा खुळा पायजे, भित्रा पायजे, आपल्या घरातला वाटला पायजे. तवा कुटं हडळ आली की पोटात गोळा येतो."

वॉर्डातली आया मनुबाई थुंकीची भांडी गोळा करत होती. कपाळावर कुंकू, गळ्यात डोरलं. एकाहत्तरच्या लढाईत तिचा फौजी नवरा बेपत्ता झाला, त्याला पाच वर्षं होत आली होती. सासरचे म्हणत कुंकू पूस, माहेरचे म्हणत वाट बघ. तिनं दोन्ही ऐकून घेतलं होतं. रडू आटलं होतं, आशाही आटली होती. काम तेवढं राहिलं होतं आणि ते ती चोख करी.

"मी करू का एक माणूस?" तिनं विचारलं.

सगळे बघतच राहिले.

"त्येला च्या बशीतनंच लागतो," ती उभ्या उभ्याच सांगू लागली. "फुकताना डोळं मिटतो, देवापुढं बसल्यागत. कुत्र्याला लय भितो, आन वर सांगतो, कुत्रंच मला भितंय. सुट्टीवर आला की आदी म्हशीसंगं बोलतो, मग बायकूसंगं."

गुंडा खो खो हसला. "हवालदार, ह्येला न्हाई मरू द्यायचा!"

"झकास माणूस केलास पोरी," हवालदार खूश झाले. "नाव?"

"धनाजी साळुंखे. आमचं मालक."

हसणं जागच्या जागी थांबलं. लग्न झाल्यापासून तिनं हे नाव कधी उच्चारलं नव्हतं. कुणी विचारलं तर शेजारणीला सांगायला लावी.

"खेळाचा नेम ठावं हाय न्हवं तुला?"

"हाय की. रोज ऐकतीया."

"मग दुसरं नाव घे."

"दुसरं न्हाई." तिचा आवाज सपाट होता. "टाका कवड्या, दादा. मला पुढली रांग करायची हाय."

हवालदारांचा हात उठेना. शेवटी त्यांनी मूठ सैल सोडली. कवड्या घरंगळल्या. तीन पालथ्या, एक उताणी.

"सुटलं!" गुंडा ओरडला. "मनुबाई, सुटलं की तुमचं मालक!"

"व्हय? बरं झालं."

तिला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. ती पुढच्या खाटेकडे वळली.

हवालदारांना डॉक्टरांनी उठायला बंदी केली होती. ते उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि टाचा जुळवून उभे राहिले.

"झोपा दादा, डॉक्टर वराडतील," मनुबाई म्हणाली.

ती भांडी घेऊन दाराबाहेर जाईपर्यंत ते तसेच उभे होते.