हळू फिरणारं मशीन

लाकूड कातायचं मशीन निवडायला आम्ही दोन पुरुष गेलो, आणि जिचं काम त्यावर चालायचं होतं तिला घरी ठेवलं. एवढ्या एका वाक्यात माझी अक्कल कळावी. पुढचं सांगतो ते मन हलकं व्हावं म्हणून. तसं ते होत नाही, पण सांगतो.

जुन्नरहून लेण्याद्रीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं कातकामाचं दुकान. पलंगाचे खूर, पाळण्याचे खांब, लाटणी, असलं सगळं. सत्त्याण्णव सालापर्यंत आमचं काम दोरावर चालायचं. दोन खुंट्यांच्या मध्ये लाकूड अडकवायचं, त्याला दोराचे वेढे द्यायचे आणि समोर बसलेल्या माणसानं दोराची टोकं आलटून पालटून ओढायची. लाकूड एकदा अंगावर येतं, एकदा उलटं जातं. अंगावर येईल तेव्हा पटाशी टेकवायची, उलटं जाईल तेव्हा उचलायची. दोर ओढायला माझी बायको, प्रयागबाई.

कातून झालं की आम्ही जागा बदलायचो. मग दोर माझ्याकडे आणि लाखेची कांडी तिच्याकडे. फिरत्या लाकडावर ती रंगीत लाख दाबून धरायची. घासून लाख तापायची, मऊ व्हायची, लाकडात बसायची. वरून केवड्याचं पान फिरवलं की अशी चमक यायची की त्यात तोंड बघावं. पानं तिचा भाऊ जानकू मढहून आणून द्यायचा.

कातायचो मी, पण गिऱ्हाईक यायचं तिच्या रंगासाठी. पार पेठेकडून माणसं यायची आणि दारातूनच विचारायची, "वहिनी हायेत का? त्यांच्या हातचा पाळणा पायजे." मला ते लागायचं. आता कबूल करायला काय जातं?

त्या वर्षी मंचरच्या भरतशेठनं खुर्च्यांच्या पायांची मोठी ऑर्डर दिली. त्याचं फर्निचरचं दुकान जोरात होतं. दोरावर एवढं काम निघणं शक्यच नव्हतं, म्हणून मोटरचं मशीन घ्यायचं ठरलं. प्रयागला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. वर्षानुवर्षं दोर ओढून तिचा उजवा खांदा गेला होता, पण ती खांद्याचं बोललीच नाही.

"मोटर आली की तुमी कवा दोर वढताय याची वाट बघाया नको," ती म्हणाली. "मी आपली एकली बसंन, दुपारच्याला. दोनी हातांनी रंग लावीन. एका खांबावर चार चार रंग घ्यायचं लई दिसापासून मनात हाय."

भरतशेठला सोबत घेऊन मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. "एक बघा. हळू फिरनारं घ्या."

बस्स, एवढंच. माझं सगळं आयुष्य या धंद्यात गेलं आणि ती असं का म्हणाली ते मला कळलं नाही. दोर मीच ओढायचो ना? रंगाच्या वेळी ती "हळू, हळू" म्हणायची आणि मी हळू ओढायचो. पण मशीनचं नाव काढलं आणि माझं डोकं दुसरीकडेच गेलं. मला वाटलं, बाईमाणूस आहे, मोटरला घाबरते.

आधी पीरमहंमद चाचांच्या वखारीत गेलो. त्यांच्याकडे जुनं मशीन विकायला होतं. ओतीव लोखंडाचं, दणकट, तेलानं काळं झालेलं. त्याची पुली तीन पायऱ्यांची होती. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकवला की वेग कमी-जास्त व्हायचा. चाचा पट्टा सरकवून दाखवत होते आणि भरतशेठ माझ्या कानाशी लागला, "राव, भंगार घेता का? नवीन घ्या, उठून दिसंल."

मग पुण्याला गेलो. दुकानात हिरव्या रंगाचं कोरं मशीन. वेग एकच, पण काय वेग! दुकानदारानं बटण दाबलं आणि बघता बघता एक पाय कातून हातात दिला. मला प्रयागचं बोलणं आठवलं, नाही असं नाही. मी विचारलं, "यापेक्षा हळू फिरत नाही का?"

"हळू कशाला पाहिजे?"

"आमच्या मालकीणबाई घाबरतात," मी म्हणालो.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

मशीन आलं. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. प्रयागनं पदर खोचला, लाल कांडी घेतली आणि बसली. कांडी टेकवायचा अवकाश, लाख वितळून उडाली. भिंतीवर उडाली, तिच्या गालावर उडाली. ती गाल चोळत म्हणाली, "जास्त दाबलं वाटतं." मग कमी दाबून बघितलं. हिवाळाभर ती रोज दुपारी बसायची. कधी लाख करपायची, कधी फुटकुळ्या यायच्या. मी शेजारी खुर्च्यांचे पाय मोजत बसायचो.

एकदा तिनं विचारलं, "तुमी दुकानात इचारलं व्हतं ना, हळू फिरनारं?"

"विचारलं की. तसलं कुठं मिळतच नाही म्हणाले."

हे माझ्या तोंडून किती सहज निघालं! चाचांचं मशीन तेव्हा त्यांच्या वखारीतच पडून होतं. चालत गेलो असतो तर दहा मिनिटांवर.

पुढं तिनं बसायचं सोडलं. मी खांबांना ऑइलपेंट मारायला लागलो. गिऱ्हाईक विचारायचं, वहिनींनी रंगवायचं का सोडलं? ती आतूनच उत्तर द्यायची, "आता जमत न्हाई." मी ऐकायचो आणि ब्रश फिरवत राहायचो. तिला कुणी विचारेनासं झालं, आणि खोटं का सांगू, आत कुठंतरी मला बरंही वाटलं.

मशीन येऊन आठ महिने झाले तेव्हा पीरमहंमद चाचा लाकूड टाकायला आले. चहा घेता घेता सहज म्हणाले, "ते मशीन गेलं बरं का, संपत. तू घ्यायला पायजे व्हतं. खालच्या पायरीवर लई हळू चालायचं. वहिनींची लाख मस्त बसली असती. या हिरव्यावर कशी बसंल? उडनारच ना ती."

प्रयाग कपबशा उचलत होती. ती थांबली. मला वाटलं, आता चाचांसमोर माझी काढते. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आठ म्हैनं मला वाटत व्हतं, माजाच हात गेला."

मी चौथ्या दिवशी नारायणगावच्या वर्कशॉपमधून पायऱ्यांची पुली करवून आणली आणि बसवली. एका सकाळचं काम होतं ते. तिला बोलवायला गेलो. वाटलं, यायची नाही. पण ती आली. पदर खोचून बसली. मी पट्टा खालच्या पायरीवर घेतला. तिनं लाल कांडी टेकवली, मग पिवळी, मग हिरवी, मग परत लाल. एक थेंब उडाला नाही. पहिल्यापेक्षाही सुंदर खांब झाला, मी शपथेवर सांगतो.

तिनं स्वतः बटण बंद केलं. खांबावरून बोट फिरवलं.

"झालं. म्हंजी हात शाबूत व्हता," म्हणाली, आणि उठून आत गेली.

त्यानंतर मी पुष्कळ विनवलं. ती मशीनवर परत कधी बसली नाही.