एका फळीवर वीट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पुस्तक-स्टँड आहे. मधोमध एकच पाय आणि डोक्यावर दोन उतरत्या फळ्या. मला घडवणाऱ्या सुताराने तेव्हाच बजावलं होतं, "सर, दोन्हीकडे सारखं वजन ठेवा. एकीकडेच ठेवलंत तर हा तोंडावर आपटेल, मग मला बोलू नका."

सर हसले. "मला असाच हवा होता."

सर इतिहास शिकवत. विषय होता ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांतली पवित्र युद्धाची कल्पना. त्यांचा एक नियम होता. एका परंपरेचं पुस्तक उघडलं की दुसरीचंही उघडायचं. त्याशिवाय बोलायला सुरुवात नाही.

डाव्या फळीवरून ते सांगत की आरंभीच्या अनेक ख्रिस्ती लोकांनी शस्त्र हाती घ्यायचंच नाकारलं. पुढे धर्माला राज्य मिळालं आणि विचारवंतांनी युद्धाला अटी घातल्या. कारण न्याय्य हवं, हुकूम योग्य सत्तेचा हवा, हेतू शुद्ध हवा. एके काळी रणात माणूस मारून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे. काही शतकांनी रणावर जाणं हेच प्रायश्चित्त ठरलं.

मग सर उजवीकडे वळत. इस्लाममध्ये धर्म आणि सत्ता प्रेषितांच्या हयातीतच एकत्र उभ्या राहिल्या, म्हणून युद्धाचे नियमही सुरुवातीपासून आले. जिहाद म्हणजे झटणं. त्यात स्वतःच्या मनाशी झगडणं आलं, तशी लढाईही आली. बायका, मुलं, म्हातारे, मठातले संन्यासी यांना मारू नये, अशी बंधनं शास्त्रकारांनी लिहून ठेवली. पुढे राज्य वाढवायला निघालेल्या सुलतानांनी तोच शब्द झेंड्यासारखा मिरवला.

"म्हणजे दोन्ही सारखंच ना, सर?" मागच्या बाकावरून एकीने विचारलं.

"सारखं नाही. वाटा वेगळ्या आहेत. अटी लिहिणारे दोन्हीकडे होते आणि त्या पायदळी तुडवणारेही दोन्हीकडे."

"पण सर, तुमचा हा पुस्तकांचा घोडा लंगडा आहे हं!" ती माझ्या एका पायाकडे बोट दाखवत म्हणाली.

"लंगडा नाही गं, खमका आहे. एकाच बाजूने उभाच राहत नाही."

सर निवृत्त झाले. मला मोडक्या खुर्च्यांमागे टाकलं. माझ्यावर फडकी वाळत घातली, त्याचं मला काही वाटलं नाही. मग सर गेले. शोकसभेसाठी संस्थेच्या चिटणीसांनी मला पुसून सभागृहात आणलं. तेव्हा मात्र मी हरखून गेलो.

पण चिटणीसांनी एकच पुस्तक ठेवलं. सभेत ज्या धर्माचे लोक कमी होते, त्याच्या तलवारींचं. कोणता धर्म, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हीही बाजू घ्याल. मी कलंडलो. मग त्यांनी दुसऱ्या फळीवर काय ठेवलं असेल? वीट! बांधकामातली भाजकी वीट, वर पांढरा रुमाल. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सरांनी ज्या फळीवर जन्मभर पुस्तक ठेवलं, तिथे ज्ञानाच्या बरोबरीने दगडमाती तोलायची?

सरांची मुलगी त्यांनी लिहून ठेवलेलं व्याख्यान वाचायला पुढे आली. तिने रुमाल उचलला आणि खालची वीट पाहिली.

"ताई, वेळ कमी आहे," चिटणीस कुजबुजले. "अर्धंच वाचा. लोकांना तेवढंच हवंय."

"काका, बाबांचं अर्धं व्याख्यान वाचायचं असेल, तर फोटोही अर्धाच लावा."

तिने वीट काढून खाली ठेवली. मी धाडकन तोंडावर आपटलो. मित्रांनो, सुखाने आपटलो. माझी एक कड उडाली. तिने मला उभं केलं, पिशवीतून वडिलांच्या संग्रहातलं दुसऱ्या परंपरेचं पुस्तक काढलं, दोन्ही उघडली आणि वाचू लागली. पुढच्या रांगेतले काहीजण खुर्च्या सरकवत निघून गेले. तिने मान वर केली नाही. 'वाटा वेगळ्या आहेत' हे वाक्य तेवढं तिने दोनदा वाचलं.

माझी उडालेली कड सांधा, नाही सांधलीत तरी चालेल. पण कुणाच्या धर्मातल्या युद्धाचं पान उघडाल, तेव्हा दुसऱ्या फळीवरही पुस्तक ठेवा. तेवढी हिंमत नसेल, तर वीट शोधू नका. मला पडू द्या.